दोन खुर्च्यांचा दवाखाना

१

बयाबाई ढेबेला वरच्या वाडीवरून डोलीत घालून खाली आणली तेव्हा ती वाटेतच गेलेली होती. डोली वाहणाऱ्यांना ते कळलं होतं, पण भागोजीला, तिच्या नवऱ्याला, सांगायला कोणी धजत नव्हतं. त्याने डोली आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर टेकवायला लावली आणि आत जाऊन डॉक्टरला हाताला धरून बाहेर आणलं. डॉक्टर म्हणजे माझी भाची समीक्षा. तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मान खाली घातली.

भागोजी परत आत गेला आणि त्याने किशोर वैद्याची गचांडी धरली.

"काय घातलंस रे पुडीत? माझी बायको खाल्लीस!"

नवरात्राची आठवी माळ होती. भातं कापणीला आलेली, तरी माणसं विळे टाकून आली आणि बघता बघता ओटा भरला. कारण बयाबाई एकटी नव्हती. त्याच वाडीतल्या दोघी आदल्या दिवशी महाडला दवाखान्यात नेलेल्या. उलट्या, डोळे खोल गेलेले, अंगात उभं राहण्याइतकं बळ नाही. तिघींनाही किशोर वैद्याचं गुडघेदुखीचं चूर्ण चालू होतं. दोन आणि दोन चार करायला गावाला कोणाची शिकवणी लागत नाही.

मी भागोजीला मागे ओढलं. मी ललिता साळुंखे. फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव अजून 'फौजदारीण'च म्हणतं आणि माझा हात अजून तसाच पडतो. किशोरच्या सदऱ्याची बटणं तुटली होती. शेजारच्या खुर्चीवर समीक्षा येऊन बसली होती, दोन्ही हात टेबलावर, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पोरगी घाबरली.

यशराज उतेकर, दवाखाना चालवणाऱ्या आमच्या संस्थेचा चिटणीस, ओट्यावर चढून ओरडला, "उद्या संध्याकाळी सगळ्यांनी उरलेल्या पुड्या घेऊन या! सावित्री नदीत सोडू आणि दवाखान्याला टाळं लावू!" लोकांनी एका आवाजात होकार दिला. पोलीस येऊन चूर्णाचे नमुने घेऊन गेले. तपासणीचा अहवाल यायला महिना लागणार होता. किशोरला गाव सोडू नकोस म्हणून बजावलं.

बाहेर जांभळीखाली म्हातारा भिकाजी बसला होता. पानावर पुडी उघडून तिचे नखाने दोन वाटे करत होता.

"भिकाजी, फेक ती! माणूस मेलंय इथं."

"डॉक्टरीणबाईनी सांगितलान, आजपासनं अर्धी खा म्हणून." असं म्हणून त्याने एक वाटा टोपीत लपवला. त्याचा चिकटपणा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. मी कपाळाला हात लावला आणि पुढे गेले.

गर्दी पांगल्यावर किशोर माझ्याजवळ आला. "ताई, बयाबाई ते चूर्ण घेतच नव्हती. घट बसले त्या दिवशी मीच सांगितलं होतं, बंद ठेव."

आणि भागोजी तर साऱ्या गावासमोर बायकोची शपथ घेऊन सांगत होता की ती रोज पुडी घेत होती.

२

हा दवाखाना माझा. माझ्या गोठ्यात उभा आहे आणि आखलाही मीच. समीक्षा मुंबईहून एमबीबीएस होऊन आली, किशोर पार्टे आयुर्वेदाची पदवी घेऊन आला. त्याचे आजोबा इथले नावाजलेले वैद्य. समीक्षाला आई नाही, ती माझ्याच घरात वाढली. आपल्याकडे माणूस सुईला डॉक्टरकडे जातो, सांध्याला वैद्याकडे, आणि एकाचं दुसऱ्यापासून लपवतो. मग दोन्ही औषधं पोटात भांडतात. म्हणून मी म्हटलं, एक दार, एक टेबल, दोन खुर्च्या. पेशंटचं स्टूल मध्ये. काय खातोस, काय पितोस, ते दोघांनी एकदम ऐकायचं. गोठ्याच्या जमिनीवर मी रांगोळीने भिंती आखल्या आणि हे दोघे त्यात उभे राहून भांडले, हसले, पुन्हा भांडले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना.

कपाटांची युक्तीही माझी. आयुष्य चोरांच्या संगतीत गेलेल्या बाईला कुलपांचं भारी कौतुक. इंग्रजी औषधांच्या कपाटाची किल्ली वैद्याच्या खिशात आणि वैद्याच्या कपाटाची डॉक्टरच्या पर्समध्ये. दुसऱ्याला विचारल्याशिवाय कोणाचं औषध बाहेरच निघू नये.

सुरुवातीला कुत्रं फिरकलं नाही. मग चूर्णाने जादू केली. ते कडूजहर होतं, तेव्हा समीक्षानेच सुचवलं की गुळाची पावडर घाला, लोक आवडीने घेतील. यशराज आपल्या दुकानातून गूळ आणी. लाल झाकणाच्या बरणीत गुळाचं चूर्ण आणि निळ्या झाकणाच्या बरणीत साधं, माझ्यासारख्या शुगरवाल्यांसाठी. भिंत धरून आलेल्या बायका डोंगर चढून घरी जाऊ लागल्या. नाते गावाहून, बिरवाडीच्या चाळींतून, कशेडी उतरून माणसं येऊ लागली. समीक्षा डॉक्टर असून रविवारी स्वतः बरण्या घासायची, वाळवायची, भरून ठेवायची, आणि मी शेजारणींना सांगत सुटायची की बघा, वळण म्हणतात ते हे. बयाबाईचे गाल तर असे भरले होते की मी तिला म्हटलं, "नवी नवरी दिसतेस गो." ती पदरात तोंड लपवून हसली होती.

साऱ्या तालुक्याचे गुडघे बरे झाले, माझे तेवढे राहिले. मी गप्प होते. चोरून भजी खाणाऱ्याने पथ्याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

त्या दुपारी मी एकेकाला समोर बसवलं. गौतमी खिडकीवर पुड्या बांधते. ती रडूनच बेजार. "मी बरणीतलं काढते आन् बांधते, बाई. आत काय हाय ते मला काय म्हायती?"

"कोणाचं काही वेगळं दिसलं?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "त्या इंग्रजी कपाटातल्या बारक्या पांढऱ्या गोळ्या लय लवकर सरतात. पेशंटला तं देताना दिसत नाय कोन."

यशराज मात्र बोलायला मोकळाच होता. त्याला बिरवाडीत शाखा काढायची होती, कारखान्याच्या कामगारांसाठी. आता सगळं मातीत गेलं म्हणून तो तडतडत होता. "असल्या चूर्णात इंग्रजी गोळ्या कुटून घालतात, ताई, हे शेंबडं पोर सांगेल. आणि तुमच्या त्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात?"

किल्ली किशोरच्या खिशात होती. माझ्याच कुलपाने त्याच्या गळ्यात फास अडकवला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरची वाडी चढले. चढले म्हणजे काय, दर वळणावर बसले आणि गुडघ्यांना शिव्या घातल्या. भागोजी दारात बसला होता. सुतक लागलं म्हणून देवीचा घट शेजारच्या घरी हलवला होता आणि मातीच्या जमिनीवर त्याची ओली गोल खूण राहिली होती.

"रोज घेत होती पुडी?" मी विचारलं.

"रोज."

"कुठे बसून?"

तो माझ्याकडे न पाहता घटाच्या जागेच्या वरच्या कोनाड्याकडे बघत होता. पोलिसाला माणूस जिथे बघतो तिथे बघायची सवय असते. मी उठले आणि कोनाड्यातलं झेंडूचं सुकलेलं फूल बाजूला केलं. खाली पुड्या होत्या. गौतमीच्या हातची गाठ तशीच, एकही सुटलेली नाही. प्रत्येक पुडीवर कुंकवाचं बोट होतं.

भागोजी लहान पोरासारखा रडला.

"घट बसला का घरातली बाई औषध तोंडात घालत नाय. माझी आय नाय घ्यायची, तिची सासू नाय घ्यायची. नऊ दिस देवी सांभाळते. औषध घेतलं तं तिच्यावर भरवसा नाय असं होतं. रोजची पुडी हिनं देवीपुढं ठेवलीन."

"मग खोटं का बोललास रे?"

"खरं बोललो असतो तं लोक काय बोलले असते? देवीपायी मेली! उद्या वाडीत घट कोण बसवील?" त्याने डोळे पुसले. मग हळूच, कोणी ऐकू नये असं म्हणाला, "पन मला ठावं हाय ना, बाई. देवीनं फसवलीन हिला. नऊ दिस मागितले होते नुसते. तेवढे बी नाय सांभाळलीन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारी चौकशी केली. महाडला नेलेल्या त्या दोघींच्या घरीही घट होता आणि त्यांनीही पुड्या देवीपुढे ठेवल्या होत्या.

म्हणजे किशोर खरं बोलत होता. पण मग माझं डोकंच चालेना. तीन बायका पडल्या आणि तिघींनीही आठवडाभर चूर्णाला हात लावला नव्हता. आणि खाली आमच्या पोलादपुरात जे रोज चमचा चमचा खात होते, ते टुणटुणीत. न खाल्लेल्या विषाने माणूस मरतं कसं?

४

"आम्हीही विषच शोधत होतो," डॉक्टर श्रुतिका म्हणाली. ती महाडच्या दवाखान्यात त्या दोघींवर उपचार करत होती. वयाने समीक्षाएवढीच, पण डोळ्यांत झोप नव्हती. मी कोनाड्यातल्या पुड्यांचं सांगितलं तशी ती खुर्चीत सरळ बसली.

"बंद केलं होतं? मग जुळलं. काल रात्री एका इंजेक्शनने दोघी उठून बसल्या, तेव्हाच शंका आली होती. स्टेरॉइड. ती गोळी रोज पोटात गेली की दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा गोल होतो. पण तसलं रसायन शरीर स्वतःही बनवत असतं, ते बनवणं हळूहळू थांबतं. मग एक दिवस बाहेरचं अचानक बंद झालं, वर उपास, की माणूस कोसळतं."

बयाबाईचे भरलेले गाल माझ्या डोळ्यांसमोर आले. नवी नवरी.

"अजून तपासण्या यायच्यात, तोवर कोणाला बोलू नका," श्रुतिका म्हणाली. "पण बाकीचे पेशंट? ते घाबरून आज चूर्ण बंद करणार नाहीत ना?"

आज संध्याकाळी सारा तालुका आपल्या पुड्या सावित्रीत सोडणार होता. वैद्याला फासावर चढवायच्या नादात गावच डोंगरावरून उडी मारणार होतं. "संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर या," मी तिला म्हटलं. "गोळ्या, इंजेक्शनं, जे लागेल ते घेऊन."

वाटेत किशोरच्या घरी उतरले. खरं सांगते, तोवर माझा संशय त्याच्यावरच होता. चूर्ण त्याचं, कुटायचा खल त्याच्या घरी, गोळ्यांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. घटात बंद ठेव म्हणाला एवढंच काय ते त्याच्या बाजूने, आणि तेही अडाणीपणाने म्हणाला असेल. तो घरात नव्हता. त्याची आई माई दार उघडायला आली, एक हात भिंतीवर, एक कमरेवर. ओसरी ओलांडायला तिला केवढा वेळ लागला.

"माई, मुलाचं औषध घेत नाही वाटतं? पिकतं तिथं विकत नाही!"

"घेते तर. रोज खलातलं ताजं देतो हातावर. दोन वर्षं झाली." ती हसली. "त्याला सांगते, बरं वाटतंय. वाईट वाटेल ना पोराला."

चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "गूळ घालू?"

"नको. शुगर आहे मला."

कप हातात तसाच राहिला. माईचे गुडघे बरे झाले नव्हते. माझेही झाले नव्हते. ती खलातलं चूर्ण खात होती आणि मी निळ्या झाकणाचं. दोन्हींत गूळ नव्हता.

गुळाने मरतो त्याला विष कशाला, म्हणतात. मी चहा न पिताच उठले.

५

संध्याकाळी ओट्यावर टोपल्यांतून पुड्या आल्या होत्या. नदीपर्यंत जायला लोक उतावीळ झाले होते. मी सगळ्यांना थोडं थांबवलं आणि चौघांना आत घेतलं. किशोर आणि समीक्षा आपापल्या खुर्चीवर, गौतमी खिडकीपाशी, यशराज कपाटाला टेकून. भागोजी दारात बसला. डॉक्टर श्रुतिकाला मी शेजारी माझ्या घरात, माजघरात थांबायला सांगितलं होतं.

"गावाचा निर्णय झालाय," मी म्हटलं. "आत्ता सगळं नदीत जाणार. उद्यापासून कोणी चिमूटभरही चूर्ण खायचं नाही. कोणाची हरकत?"

"हरकत कसली? चला!" यशराजने लाल झाकणाची बरणी उचललीसुद्धा.

गौतमीने नुसती मान हलवली.

किशोर जमिनीकडे बघत म्हणाला, "टाका. आजोबांचं नावही त्याच्याबरोबर जाऊ दे."

मी दारातून बाहेरच्यांना निघा म्हणून हात वर केला. टोपल्या उचलल्या गेल्या, माणसं उतरणीला लागली.

"थांबा!"

समीक्षा उभी राहिली होती. खुर्ची मागे पडली. "आत्या, थांबव त्यांना! एकदम बंद करू नका. आज अर्धी, मग काही दिवसांनी पाव... हळूहळू."

"का गो?" मी विचारलं. "विष असेल तर अर्धं विष का द्यायचं?"

मी बाहेर जाऊन टोपल्या थांबवल्या आणि परत आले. मला घाई नव्हती. हे मला करायचंच नव्हतं.

"किशोर, तुझ्या आईचे गुडघे अजून तसेच आहेत," मी म्हटलं. "ती तुझ्या लाजेखातर बोलत नाही. तुझ्या घरातून निघालेल्या चूर्णात काही नव्हतं. निळ्या बरणीतही नव्हतं, माझे गुडघे साक्षीला आहेत. जे होतं ते फक्त गुळाच्या बरणीत होतं. यशराज गूळ आणत होता. गौतमी पुड्या बांधत होती. आणि रविवारी बरण्या घासून, चूर्णात गूळ कालवून भरणारी एकच होती. मीच गावभर तिचं कौतुक करत होते. इंग्रजी गोळ्या तिने मागितल्या की तू विश्वासाने कपाट उघडून देत होतास, आणि तुझ्या चूर्णाच्या कपाटाची किल्ली तर तिच्याच पर्समध्ये होती."

यशराजने बरणी हळूच खाली ठेवली.

"शुगरवाल्यांची बरणी वेगळी का? मला वाटलं, गुळासाठी. पण स्टेरॉइडने शुगर भडकते, हे यशराजला ठाऊक नाही, गौतमीला ठाऊक नाही. माणसाला फसवताना त्याच्या शुगरची काळजी घेणारा चोर मी नोकरीत कधी पाहिला नाही. तसा डॉक्टरच असतो. तरी मी मनाला समजावत होते की दुसरा कोणी असेल. मग भिकाजी आठवला. बयाबाईची डोली ओट्यावर होती आणि तू त्याच्या कानात सांगत होतीस, अर्धी खा. स्टेरॉइडचं नाव तेव्हा श्रुतिकालाही ठाऊक नव्हतं. तुला होतं. आत्ताही साऱ्या गावात तू एकटीच म्हणालीस, एकदम बंद करू नका."

"आत्या..."

"नाही म्हण गो," मी म्हणाले. "एकदा नाही म्हण. मी सगळं परत तपासते."

ती नाही म्हणाली नाही.

६

"कोणी येत नव्हतं," समीक्षा म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, किशोरकडे तिने पाहिलं नाही. "आठवतंय ना? बायका गुडघे घेऊन यायच्या, दोन पुड्या खायच्या आणि गुण नाही म्हणून परत फिरायच्या. त्यांचं बीपी डोक्यात गेलेलं असायचं, अंगात रक्त नसायचं, मला बघायलाच मिळायचं नाही. मी थोडंसंच घातलं. गुडघा थांबला की बाई थांबायची, मग मी तिचं बाकी सगळं बघायची. किती जणी वाचल्यात त्यामुळे, आत्या! एकेकीला हळूहळू सोडवणार होते मी. कोणी मरणार नव्हतं. घटाचं मला माहीतच नव्हतं."

"मला विचारायचंस," किशोर म्हणाला.

दोन दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता. "हातभर अंतरावर बसतो आपण. घटात वरच्या वाडीला औषध चालत नाही, हे इथलं कोणीही सांगेल. मी तर तुझ्यासमोर बयाबाईला म्हणालो, देवीचं पाळ, नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. तू तेव्हा तिचं बीपी लिहीत होतीस. मी काय सांगतोय ते तू ऐकतच नव्हतीस ना? कधीच ऐकत नव्हतीस."

त्याने लाल झाकणाची बरणी तिच्यापुढे सरकवली.

"एवढंच सांग. माझ्या चूर्णाने कोणाला गुण आला? एका तरी माणसाला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी ते कधी बघू दिलं नाही."

किशोरने मान हलवली. आजोबांच्या खलावर दोन वर्षं त्याने जीव टाकला होता. बायका पाया पडायच्या तेव्हा तो लाजून मागे सरायचा. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मी समीक्षासमोर जाऊन उभी राहिले. या पोरीची वेणी मी घातली होती, तापात रात्री जागले होते. "गोळ्या घातल्यास ते मी एक वेळ समजून घेईन," मी म्हटलं. "भलं करायच्या नादात माणूस आंधळं होतं. पण भागोजीने याची गचांडी धरली तेव्हा तू खुर्चीवरून उठली नाहीस. पोलीस याला दम देत होते आणि तू बसून राहिलीस. मी तुला घाबरलेली समजले. तू हिशेब करत होतीस."

ती रडायला लागली. माझ्या डोळ्यांत एक टिपूस आलं नाही, याचं मलाच भय वाटलं.

श्रुतिका माजघरातून आली. तिने विचारलं, बरणीत किती गोळ्या घालत होतीस, आणि समीक्षाने सगळं नीट सांगितलं. शेवटी ती डॉक्टरच होती. पुड्या गोळा करून पोलिसांसाठी ठेवायच्या आणि प्रत्येकाला तपासून गोळ्यांचा डोस कमी कमी करत आणायचा, असं ठरलं. तिने आणलेल्या गोळ्या पुरणार नव्हत्या, बाकीच्या इंग्रजी कपाटात होत्या. सगळ्यांनी किशोरकडे पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि किल्ली टेबलावर ठेवून दिली.

बाहेरचे लोक श्रुतिकाला ओळखत नव्हते आणि समीक्षाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. तेव्हा तुटक्या बटणांचा सदरा हाताने धरून किशोरच ओट्यावर गेला.

"माझ्या औषधात भेसळ झाली होती," तो म्हणाला. "ती एकदम सोडलीत तर जिवावर बेतेल. या बाई देतील ती गोळी घ्या. कालपर्यंत माझं ऐकलंत, एवढं एक अजून ऐका."

मग भिकाजी टोपी काढून पुढे आला आणि स्टुलावर बसला. त्याच्या मागे रांग लागली. श्रुतिका समीक्षाच्या खुर्चीवर बसली होती. दुसरी खुर्ची रिकामीच राहिली, किशोर उभ्यानेच नावं पुकारत होता.

पोलिसांना फोन मीच लावला. पलीकडचा हवालदार माझ्या हाताखालचा होता. "आरोपी कोण लागते म्हणालात, बाई?" त्याने दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं.

भागोजी दारातून हलला नव्हता. सगळं ऐकलं होतं त्याने, पण कितपत समजलं होतं कोण जाणे. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कडकडले. तो म्हणाला, "म्हंजी पुड्या ठेवल्या त्यात हिची चूक नाय?"

"नाही."

"आन् देवीनं नाय फसवलीन."

"नाही, भागोजी. देवीने नाही."

दोन दिवस छातीवर घेतलेला धोंडा उतरवून ठेवावा तसा त्याचा चेहरा मोकळा झाला. मग तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमच्या पोरीनं फसवलीन," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "माझ्या पोरीनं."